हात काढल्यावर काय होतं ते बघा: डोंगरात न्यायचं हलकं ट्रायपॉड हेड

नोव्हेंबरातली पहाट. ॲरिझोनातल्या टूसॉन शहराच्या दक्षिणेला सांता रीटा नावाची डोंगररांग आहे. तिच्या एका सोंडेवर आम्ही दोघं बूड टेकून बसलो होतो. माझे शेजारी, इथले शिकारी, दुर्बिणीतून समोरचा उतार निरखत होते. अर्धा तास एक शब्द नाही. मग हळूच म्हणाले, "पांढरा खडक दिसतोय? त्याच्या खाली ज्युनिपरचं झुडूप. झुडपाच्या डाव्या कडेला कान आहे."

हरीण नाही, कान.

माझ्याकडे कोरा करकरीत स्पॉटिंग स्कोप होता, म्हणजे एका डोळ्यानं बघायची जास्त ताकदीची दुर्बीण, आणि त्याच्याखाली लिंबाएवढं, जेमतेम अडीचशे ग्रॅमचं बॉल हेड. हेड म्हणजे ट्रायपॉडच्या डोक्यावर बसून स्कोपला धरणारा आणि फिरू देणारा भाग. केवढं वजन वाचवलं म्हणून मी स्वतःवरच खूश. खडक सापडला, झुडूप सापडलं, झूम साठपटीवर नेला, कान मधोमध आणला, नॉब आवळला आणि हात काढला. स्कोपचं नाक हलकेच खाली बसलं, कान वरच्या कडेतून बाहेर गेला आणि डोळ्यांसमोर नुसती दगडमाती उरली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी अक्कल लढवली. मुद्दाम थोडा वर नेम धरला, म्हणजे घसरून बरोबर जागी येईल. तेवढ्यात हरीणच उठून निघून गेलं.

ते हसले नाहीत. आपल्या ट्रायपॉडवरची दुर्बीण उतरवून त्यांनी माझा स्कोप तिथं बसवला, पुढे-मागे करून तोल बघितला आणि म्हणाले, "लाव कुठंही. आता हात काढ." मी हात काढला. चित्र होतं तिथंच राहिलं. कुठलाही नॉब आवळलेला नव्हता.

हा लेख त्या फरकाबद्दल आहे.

आधी एक खुलासा. मी शिकारी नाही, पक्षी बघतो. नाशिकला असताना थंडीतले रविवार नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयाकाठी घालवायचो, इथं आल्यावर वाळवंटातल्या पाखरांचा नाद लागला. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला, त्यामुळे आपल्याकडच्या वाचकाला शिकाऱ्यांकडून काही शिकायचं म्हणजे जरा खटकेल. मलाही खटकत होतं. पण दुर्बीण, स्कोप आणि ट्रायपॉड पाठीवर घेऊन डोंगर चढणं आणि मग तासन्‌तास एका जागी बसून बघत राहणं, या कामात अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या शिकाऱ्यांइतकी घासून-पुसून तयार झालेली जमात मी दुसरी पाहिली नाही. इथं परवाना सोडतीत निघतो, मोसम मोजक्या दिवसांचा असतो आणि त्या दिवसांतला बहुतेक वेळ बंदुकीला हात न लावता जातो. बसायचं आणि बघायचं, एवढंच. त्याला ते 'ग्लासिंग' म्हणतात.

या भागातलं हरीण कूज नावाचं. पांढऱ्या शेपटीच्या हरणाची ही लहान, करडी जात ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि सीमेपलीकडच्या मेक्सिकोत सापडते. इलियट काउज या लष्करी डॉक्टर आणि निसर्गअभ्यासकाचं नाव तिला दिलंय. खरा उच्चार काउज, पण इथं सगळे कूजच म्हणतात आणि दुरुस्त करायला गेलात तर तुमच्याकडेच विचित्र नजरेनं बघतात. खांद्यापाशी जेमतेम अडीच फूट उंच असलेलं हे जनावर करड्या दगडांत आणि वाळल्या गवतात असं विरघळतं की नुसत्या डोळ्यांनी ते दिसणं ही लॉटरीच. म्हणून इथले लोक १५×५६ ची, म्हणजे पंधरापटीची आणि ५६ मि.मी. भिंगाची, जाडजूड दुर्बीण ट्रायपॉडवर चढवतात, समोरच्या उताराचे मनातल्या मनात पट्टे पाडतात आणि एकेक पट्टा डावीकडून उजवीकडे वाचत जातात, पोथी वाचावी तसा. ओळ संपली की नजर थोडी खाली, पुन्हा डावीकडून. काही हललं, काही चमकलं, एखादी आडवी रेघ नको तिथं दिसली, की मग स्कोप लावून खात्री करायची.

या कामात हेडला दोनच गोष्टी जमायला हव्यात: सावकाश सरकणं आणि सोडल्यावर थांबणं. तिसरी अट पाठीची, वजन कमी पाहिजे. आणि गोंधळ नेमका तिथंच होतो.

साठपट म्हणजे काय भानगड

कॅमेऱ्याचं हेड आणि स्कोपचं हेड वेगळं का, हे कळायला थोडी आकडेमोड लागते. घाबरू नका, सातवीची आहे.

साठपटीवर बऱ्याच स्कोपमधून एका वेळी साधारण एक अंशाचा तुकडा दिसतो. एक किलोमीटरवर तो सतरा-अठरा मीटर रुंद. आता नॉब आवळल्यावर माझं बॉल हेड अर्धा अंश बसलं असेल असं धरू. कॅमेऱ्यात साध्या भिंगानं डोंगराचा फोटो काढताना अर्धा अंश कुणाच्या लक्षातही येत नाही. इथं मात्र एक किलोमीटरवर अर्धा अंश म्हणजे जवळजवळ नऊ मीटर. मधोमध आणलेला कान थेट कडेवर गेला. गेला म्हणजे गेलाच.

थरथरीचंही तेच. अंशाचे साठ भाग केले की एक कला. स्कोपला बोट लागून तो एक कलेनं हलला, तर साठपटीवर डोळ्याला ते पूर्ण एक अंश हलल्यासारखं दिसतं. आकाशातला पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा असतो. म्हणजे बोटाच्या हलक्या धक्क्यानं चित्र दोन चंद्रांइतकं उडालं. अशा चित्रात कान आहे की पान आहे, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

म्हणून 'हे हेड किती किलो पेलतं' या प्रश्नाला इथं फारसा अर्थ नाही. डब्यावरचा तो आकडा कसा मोजायचा याचा सगळ्या कंपन्यांना बांधील असा नियम नाही. बहुतेक वेळा तो सरळ उभं, स्थिर वजन ठेवून काढलेला असतो. माझं लिंबाएवढं हेडही कागदावर आठ किलो पेलायचं. पेलायचंच ते. पडलं कुठं? फक्त अर्धा अंश बसलं.

बॉल हेड चांगलं, पण कुणासाठी

बॉल हेडमध्ये एक गोळा असतो, त्यावर दांडा आणि दांड्यावर स्कोप किंवा कॅमेरा बसवायची प्लेट. नॉब सैल केला की गोळा तिन्ही दिशांनी मोकळा: वर-खाली, डावी-उजवीकडे आणि शिवाय कुशीवर. फोटो काढणाऱ्याला हेच हवं असतं, झटकन चौकट लावायची, आवळायचं, बटण दाबायचं. बघणाऱ्याला मात्र कुशीवरची हालचाल कधीच नको असते. क्षितिज तिरकं करून हरीण शोधायचं कुणाला? तरी नॉब सैल केला की तीही हालचाल जागी होते, आणि वर बसलेला स्कोप दिसेल त्या बाजूला कलंडायला बघतो. मग एका हातानं स्कोप धरा, दुसऱ्यानं नॉब, तिसरा हात फोकसला.

उतार वाचण्यासाठी लागतं ते दोन दिशांचं हेड. एक आस उभी, तिच्याभोवती डावी-उजवीकडे फिरायचं. दुसरी आडवी, तिच्याभोवती वर-खाली. दोन्हींना वेगवेगळा ताण, म्हणजे फिरताना होणारा अडसर, देता येतो. वर-खालीचा थोडा घट्ट ठेवला आणि डावी-उजवीचा सैल, की पट्टा वाचताना नजर आपोआप एका ओळीत राहते. दुकानदार याला 'पॅन-टिल्ट' किंवा सरळ 'व्हिडिओ हेड' म्हणतात.

एक अडचण आहे. दोनच दिशा असल्यामुळे खालचा ट्रायपॉड समतल हवा, नाहीतर डावीकडून उजवीकडे फिरवताना ओळ तिरकी चढत जाते. सपाट जमिनीवर प्रश्न नाही, डोंगरात आहे. त्यासाठी हेडखाली बसणारी समतल करायची वाटी मिळते, पण ती पुन्हा दीड-दोनशे ग्रॅम. शेजाऱ्यांचा इलाज फुकट आहे: दोन पाय उताराकडे, एक डोंगराकडे, आणि डोंगराकडचा पाय आखूड करत समतल दाखवणारा बुडबुडा मधे आणायचा. दहा-पंधरा वेळा केलं की हाताला सवय होते. मी आता बुडबुड्याकडे बघतही नाही. अर्थात, म्हणून कधीकधी चुकतंही.

पिस्तुलाच्या मुठीसारखी हेडं मिळतात, दाबली की मोकळी, सोडली की घट्ट. ऐकायला झकास, पण आत गोळाच आहे आणि सोडताना बसायचंच. गिंबल हेड, म्हणजे लेन्स पाळण्यासारखी टांगून धरणारं, मोठ्या लेन्ससाठी उत्तम, पण वजनामुळे या यादीतून बाद.

तोल

आता खरी गंमत. त्या सकाळी शेजाऱ्यांनी स्कोप पुढे-मागे करून तोल बघितला, तिथंच निम्मं काम झालं होतं आणि मला ते कळलंच नव्हतं.

स्कोप म्हणजे आडवी कावड समजा. हेडची आडवी आस म्हणजे खांदा. कावडीचा मध्य खांद्यावर बरोबर आला तर एका बोटानं फिरते. दोन इंच पुढे गेला तर सगळा रस्ता तिला धरून चालावं लागतं. दीड किलोचा स्कोप पाच सेंटीमीटर पुढे बसला असेल, तर हेडवर साडेसात किलो-सेंटीमीटरचा पीळ सतत येत राहतो. म्हणजे पाऊण मीटर लांब काठीच्या टोकाला शंभर ग्रॅमचं वजन टांगून ती काठी हेडला धरायला सांगितल्यासारखं. मोठं, एक किलोचं हेड हे सहज सोसतं. चारशे ग्रॅमच्या हेडला त्यासाठी ताण इतका आवळावा लागतो की मग ते सरकताना झटके देतं: अडतं, अडतं आणि एकदम सुटतं. आपण म्हणतो हेड फालतू. हेडचा दोष नसतो, कावड चुकलेली असते.

म्हणून हलकं हेड घेणाऱ्यानं लांब प्लेट घ्यावी. दहा-बारा सेंटीमीटरची प्लेट पन्नास-साठ ग्रॅमनं जड पडेल, पण तिच्यावर स्कोप मागे-पुढे सरकवून तोलाची जागा सापडते. पन्नास ग्रॅम घालून चारशे वाचवायचे, हा व्यवहार मला अजूनही कुठल्या जाहिरातीत दिसलेला नाही. तिरक्या आयपीसचा (डोळा लावायच्या भिंगाचा) स्कोप आणि सरळ आयपीसचा स्कोप यांची तोलाची जागा वेगळी असते. फोटोसाठी स्कोपवर फोन लावणाऱ्यांची तर पार मागे जाते. जागा एकदा सापडली की प्लेटवर रंगाच्या पेननं रेघ मारून ठेवा. माझ्या प्लेटवर दोन रेघा आहेत, पांढरी नुसत्या स्कोपची आणि लाल फोन लावल्यावरची.

पण तोल पुढे-मागेच बघून भागत नाही. स्कोपचं वजन आसेच्या वर असतं, साधारण सात-आठ सेंटीमीटर. सरळ समोर बघताना ते डोक्यावरच्या हंड्यासारखं बरोबर वर असतं, काही वाटत नाही. स्कोप खाली झुकवला की तो हंडा पुढे येतो. आठ सेंटीमीटर उंचीवरचं वजन दहा अंश झुकवलं तर जेमतेम दीड सेंटीमीटर पुढे सरकतं, तीस अंशांवर चार सेंटीमीटर. म्हणून कड्यावर बसून खोल दरीत बघताना तेच हेड अचानक नाक टाकायला लागतं. पक्षी बघणाऱ्याला हे उलटं अनुभवायला येतं, घिरट्या घालणारी घार वर वर जाते आणि स्कोप मागे कलंडतो. उपाय दोन: स्कोप आसेच्या जितका जवळ बसेल तितकं बरं, म्हणजे बुटकं हेड आणि बुटकी प्लेट. नाहीतर हेडमध्ये स्प्रिंग.

स्प्रिंगचं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. मॅनफ्रोटोचं एमव्हीएच ५०० एएच हे हेड पक्षी बघणाऱ्यांत बरंच चालतं. नऊशे ग्रॅमचं आहे आणि त्यात तोल सावरणारी स्प्रिंग बसवलेली आहे. ती स्प्रिंग २.४ किलो वजनासाठी लावलेली, बदलता येत नाही. मोठा स्कोप असेल तर सुंदर. पण ६५ मि.मी. भिंगाचा, दीड किलोच्या आतला स्कोप त्यावर ठेवून खाली झुकवलात आणि ताण सैल ठेवलात तर स्प्रिंग त्याला हळूहळू वर ढकलते. हात काढला की नाक वर. चांगल्या हेडबद्दलची ही तक्रार मी खूप जणांकडून ऐकली आहे, आणि उत्तर एवढंच की ते हेड त्या स्कोपचं नाही. लहान हेडांत स्प्रिंग सहसा नसतेच. तिथं तुमचा तोल आणि तुमचा ताण, दोनच.

'फ्लुइड' या शब्दाची किंमत

हेडवर 'फ्लुइड' लिहिलेलं असतं. खऱ्या फ्लुइड हेडमध्ये फिरणाऱ्या भागांत दाट सिलिकॉनचं ग्रीस कोंडलेलं असतं. हळू फिरवलं तर ते अडवत नाही, झटका दिला तर अडवतं. पाण्यात हात फिरवून बघा, हळू फिरवला तर जातो, जोरात मारला तर पाणी धरतं. त्यामुळे हाताचे बारीक झटके ग्रीसमध्येच जिरतात आणि चित्र लोण्यासारखं सरकतं.

स्वस्त हेडांत मात्र पुष्कळदा नुसते प्लास्टिकचे वॉशर असतात, त्यांना ग्रीसचं बोट लावलेलं, आणि वर तोच शब्द छापलेला. ओळखायचं कसं? ताण पूर्ण सैल करून हेड अगदी सावकाश फिरवा, घड्याळाच्या काट्यासारखं. वॉशरवालं सुरुवातीला अडतं आणि मग सुटतं. ग्रीसवालं पहिल्या क्षणापासून सारखंच चालतं. थंडीत ग्रीस घट्ट होतं. इथं डिसेंबरात सकाळी पारा शून्याखाली गेला की माझं हेड पहिली दहा मिनिटं तूप गोठल्यासारखं वागतं, मी ते जॅकेटच्या आत धरून वर चढतो. महाराष्ट्रात ही चिंता नाही. तिथं चिंता धुळीची.

कुठलं वजन वाचवायचं

६५ मि.मी. चा स्कोप सव्वा ते दीड किलो, ८५ चा पावणेदोन ते दोन किलो. कार्बन फायबरचा बरा ट्रायपॉड सव्वा-दीड किलो. हेडमध्ये बॉल हेड अडीचशे-तीनशे ग्रॅम, लहान व्हिडिओ हेड चारशे ते सहाशे, मोठं नऊशेच्या पुढे. गिट्झोचं जीएचएफ २ डब्ल्यू सहाशेच्या आसपास आहे, सिरूईचं व्हीए ५ अर्ध्या किलोच्या आत. दोन्ही दोन दिशांची, आणि स्कोपवाल्यांनी पुरेशी वापरून पाहिलेली. पहिलं महाग आणि त्याची चाल रेशमी, दुसरं त्या मानानं स्वस्त. चालीतला फरक कळतो, पण ६५ च्या स्कोपला दुसऱ्यानं मला कधी अडवलं नाही. ८५ च्या स्कोपला मात्र मी ते देणार नाही.

म्हणजे बॉल हेड आणि लहान व्हिडिओ हेड यांतला फरक दीडशे-दोनशे ग्रॅमचा, एका कांद्याएवढा. तो वाचवायला मी कान घालवला होता.

त्यापेक्षा ट्रायपॉडचा मधला दांडा काढा. बऱ्याच ट्रायपॉडचा तो सुटा होतो, दोन-तीनशे ग्रॅम तिथंच गेले, आणि वर उंच दांडा म्हणजे वाऱ्यात हलणारी पताका, तीही गेली. बसून बघणाऱ्याला त्याची गरजच नसते. हेडची मूठ लांब असेल तर आखूड करा, नाहीतर बदला. लांब मुठीनं चाल गुळगुळीत मिळते हे खरं, पण बसल्यावर ती छातीत टोचते आणि चढताना झुडपांत अडकते. शेजाऱ्यांनी त्यांची करवतीनं कापून टोकाला सायकलच्या हँडलचं रबर लावलंय. दिसायला भयंकर, पण वीस वर्षं टिकलंय.

प्लेट

हा भाग कंटाळवाणा आहे, पण सगळे अपघात इथंच होतात.

स्कोपच्या पायाला प्लेट स्क्रूनं बसते, प्लेट हेडच्या चिमट्यात. आजकाल बहुतेक ठिकाणी आर्का पद्धत चालते: दोन्ही कडा तिरक्या असलेली, सुमारे ३८ मि.मी. रुंदीची पट्टी. नाव एक असलं तरी मापं तंतोतंत एक नसतात. खटका दाबून बंद होणारा चिमटा एका कंपनीच्या प्लेटला घट्ट बसतो, दुसरीच्या प्लेटला अर्धवट, आणि तुम्हाला 'टक' आवाज आल्यामुळे वाटतं बसला. मळसूत्राचा नॉब असलेला चिमटा जी प्लेट येईल तिला आवळून घेतो. दोन-तीन कंपन्यांचं सामान मिसळलेलं असेल तर मी नेहमी नॉबवालाच घेईन, चार सेकंद जास्त गेले तरी चालतील. प्लेटच्या टोकांना अडवणारे बारीक स्क्रू असतात, ते काढून फेकू नका. चिमटा सैल राहिला तर स्कोप त्यांच्यावरच लटकतो.

दुसरं म्हणजे एकाच स्क्रूवरचा स्कोप हळूहळू वळतो. चढताना खांद्यावर ट्रायपॉड टाकलात तर नक्कीच. स्कोपच्या पायाला स्क्रूशेजारी बारीक भोक असेल तर त्यात बसणारी खुंटी असलेली प्लेट शोधा. आणि हेड विकत घेताना खालचं भोक बघा: ट्रायपॉडचा बोल्ट बहुधा तीन-अष्टमांश इंची असतो, लहान हेडांना कधी पाव इंची भोक असतं. मधे बसणारा जोड मिळतो. तो नसला तर सगळा बेत दुकानाबाहेरच्या पायरीवर संपतो.

दुकानातली परीक्षा

आपला स्कोप आणि आपला ट्रायपॉड घेऊन जा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. दारात उभे राहा, लांबवरच्या एखाद्या गाडीच्या नंबरप्लेटवर स्कोप लावा, झूम शेवटापर्यंत न्या. तोल साधा. आता हात काढा. नंबर जागेवर राहिला पाहिजे, आणि नॉब न आवळता राहिला पाहिजे. मग मूठ धरून अगदी थोडं, एका अक्षराइतकं सरकवा आणि सोडा. बरीच हेडं इथं नापास होतात. सोडलं की चित्र अर्धं अक्षर मागे येतं, रबर ताणून सोडल्यासारखं. हा दोष सवयीनं जात नाही, दिवसभर छळतो. शेवटी स्कोपवर टिचकी मारा आणि थरथर थांबेपर्यंत मनात अंक मोजा. दोनच्या आत थांबली तर छान. चार-पाच लागले तर आधी ट्रायपॉड बदलून बघा, कारण ती थरथर बरेचदा पायांची असते आणि शिव्या हेड खातं.

दुपारी परीक्षा घेऊ नका. डांबरावरून गरम हवा उठत असली की सगळं चित्र उकळत्या पाण्यासारखं दिसतं आणि माणूस नवीन हेडला दोष देतो. ओळखायचं सोपं आहे: हेड हलतं तेव्हा सगळं चित्र एकत्र हलतं, हवा हलते तेव्हा चित्राचा प्रत्येक तुकडा वेगळा नाचतो.

स्कोप नसेल तर

ज्यांच्याकडे फक्त १०×४२ ची दुर्बीण आहे त्यांनी हा भाग वाचावा, कारण मला वाटतं सगळ्यात मोठा फायदा त्यांचाच आहे. पुष्कळ दुर्बिणींच्या मधल्या बिजागरीच्या टोकाला छोटं झाकण असतं. बऱ्याच जणांना ते फिरवून निघतं हेच माहीत नसतं. आत पाव इंची मळसूत्र असतं. तिथं जोडणारा भाग लावून दुर्बीण ट्रायपॉडवर चढते. पाऊण किलोच्या दुर्बिणीला सगळ्यात लहान व्हिडिओ हेडही पुरून उरतं. पहिल्यांदा लावलीत की विश्वास बसत नाही की ही तीच दुर्बीण. हातात धरल्यावर जे 'काहीतरी बदक' होतं, त्याची चोच दिसायला लागते. शिवाय हात मोकळे, वही लिहा, चहा प्या.

नावेत मात्र यातलं काहीच चालत नाही. भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला जाणारे ट्रायपॉड घेऊन नावेत चढतात ते मी पाहिलंय. नाव हलते तर ट्रायपॉडही हलतो, आणि नावाडी चिडतो तो वेगळा. तिथं हातातली आठपटीची दुर्बीणच खरी.

गेल्या जानेवारीत सुट्टीवर आलो तेव्हा हेड मोज्यात गुंडाळून आणलं होतं. नांदूर मध्यमेश्वरच्या मनोऱ्यावर सकाळी शाळेची सहल आली. माझा स्कोप बघून रांग लागली. लाकडी फळ्यांवर पोरं उड्या मारत होती, त्यामुळे थरथर काही विचारू नका, हेड सोन्याचं असतं तरी भागलं नसतं. खाली उतरून काठावर पाय रोवले, थापट्या बदकांच्या एका जोडीवर स्कोप लावला. एकेक पोर यायचं, आयपीसला नाक दाबायचं, दोन्ही हातांनी स्कोप मिठीत धरायचं, आणि बाजूला झालं की पुढच्याला नुसतं पाणी दिसायचं.

"धरू नका रे. हात मागे बांधा आणि बघा," मी म्हणालो.

मग बारा-तेरा पोरांनी हात मागे बांधून ती जोडी बघितली. एकालाच ती दिसली नाही. तेव्हा ती उडून गेली होती.